मन भरून आलेले नसताना केलेली उपकारस्तुती खरी असते का?

शेवंती (धागाकर्ती)

सर्वांना सलाम. गेले काही महिने मनात घोळणारा एक प्रश्न इथे मांडते आहे. तो मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमधल्या लोकांत, विचारू शकले नाही.

फेब्रुवारीत माझी आई वारली. त्याआधी सव्वा वर्ष ती अंथरुणाला खिळून होती आणि शेवटच्या दोन महिन्यांत तिला मी कोण हेही ओळखू येत नव्हते. ती गेल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी उपासनेत साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सर्वांसमोर सांगण्याची, वेळ आली, तेव्हा मला उभे राहून देवाचे उपकार मानण्यास सांगण्यात आले. मी उभी राहिले, पण शब्द फुटेना. "आज माझ्याजवळ उपकारस्तुती नाही," एवढेच म्हणून मी खाली बसले. उपासना संपल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की सर्व स्थितीत उपकारस्तुती करा अशी आज्ञा आहे आणि माझ्या अशा बोलण्याने तरुणांच्या विश्वासाला ठेच लागते. त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मी जाणते. तरीही तेव्हापासून मी उपासनेला जाते, सगळी गीते गाते, आणि उपकारस्तुतीचे गीत लागले की ओठ मिटून घेते.

माझा प्रश्न असा, की आत काहीच नसताना म्हटलेले आभाराचे शब्द देवासमोर खोटे ठरतात का? आणि ते खोटे ठरत असतील, तर ओठ मिटून घेणे हे जास्त प्रामाणिक आहे का?

कोरसमधला

ताई, तुमच्या दुःखात सहभागी आहे. मी आमच्या मंडळीच्या गायनपथकात कीबोर्ड वाजवतो, म्हणून तुमचा प्रश्न मला दुसऱ्या बाजूने भिडतो. तुम्हाला एका रविवारी शब्द सापडले नाहीत. मला तर दर रविवारी साडेनऊ वाजता लोकांना आनंदित करायचे असते, मग आदल्या रात्री घरात काहीही झालेले असो. कोणत्या ओळीला आवाज चढवायचा, कोठे ताल थांबवून नुसते शब्द राहू द्यायचे आणि कोणत्या स्वरावर लोकांचे डोळे भरून येतात हे आता मला पाठ झाले आहे. लोक रडतात तेव्हा ते देवाच्या उपकारांनी रडतात की माझ्या सुरावटीने, हे मला सांगता येत नाही, आणि या जाणिवेने मी अनेकदा अस्वस्थ होऊन घरी येतो.

बायबलमधल्या यशया २९:१३ मधले, ओठांनी सन्मान करणाऱ्या आणि अंतःकरणाने दूर असणाऱ्या लोकांविषयीचे वचन मला स्वतःला उद्देशूनच वाटते. तुमच्या त्या एका वाक्यात जो खरेपणा होता, तो माझ्या वर्षभराच्या वाजवण्यात असेल की नाही, कोण जाणे.

वसईचा वारा

मी कॅथलिक आहे, त्यामुळे थोड्या वेगळ्या परंपरेतून लिहितो. आमच्याकडे साक्ष देण्याची पद्धत फारशी नाही आणि उपकारस्तुतीचे शब्द ठरलेले असतात. मिस्सामध्ये, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या आमच्या मुख्य उपासनेत, अर्पणविधीनंतर धर्मगुरू सर्वांना परमेश्वराचे आभार मानण्याचे आवाहन करतात, तेच योग्य आणि न्याय्य आहे असे उत्तर आम्ही देतो, आणि मग आभाराची दीर्घ प्रार्थना सुरू होते. त्या प्रार्थनेला जो ग्रीक शब्द आहे, 'युखारिस्तिया', त्याचा अर्थच आभारप्रदर्शन. पुढे तोच शब्द संपूर्ण विधीचे नाव झाला.

ठरलेल्या शब्दांवर पोपटपंचीचा आरोप नेहमी होतो आणि तो पुष्कळदा खराही असतो. पण शेवंतीताई, माझे वडील गेले त्या आठवड्यात या ठरलेल्या शब्दांनीच मला सांभाळले. मला स्वतःचे वाक्य जुळवायचे नव्हते, माझ्या मनाची अवस्था कोणासमोर मांडायची नव्हती. माझ्या डाव्या-उजव्या बाजूला बसलेली माणसे आभार मानत होती आणि मी त्यांच्यामध्ये नुसता उभा होतो. त्या दिवशी उत्तर त्यांनी दिले, माझ्या वतीनेही दिले. 'मी तुझे आभार मानतो' या वाक्यापेक्षा 'आम्ही तुझे आभार मानतो' हे वाक्य अशा वेळी पुष्कळ मोठे असते, असे मला तेव्हा उमगले.

एक गोष्ट मात्र जोडतो. हे शब्द आमच्या भाषेत आले नसते तर मला त्यांचा आधार वाटला असता का, याची शंका आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि लोकभाषांना वाट मोकळी झाली. त्याआधी माझ्या आजीने सगळी हयात लॅटिनमधली मिस्सा ऐकली. ती त्या वेळी हातात माळ घेऊन आपल्या बोलीत पुटपुटत असे. वेदीवर चाललेले आभार आणि तिचे आभार समांतर चालत होते.

जुनी वही

भाषेचा मुद्दा निघालाच आहे म्हणून लिहिते. हा प्रश्न महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या मंडळ्यांना फार आधीपासून पडलेला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्या आहेत त्यात. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणश्रवणाची सवय सुटली होती आणि त्या जागी काहीच आले नव्हते. ज्या छंदात त्यांचे कान आणि मन घडले होते, त्याच छंदात त्यांना देवाची कथा मिळावी म्हणून एका इंग्रज जेझुइट धर्मगुरूने ओवी हाती घेतली.

पुढे एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मंडळ्यांत परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते पुष्कळ गायली जात. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी देशी वृत्तांत आणि चालींत रचना केल्या. नंतर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ही सगळी घरची संपत्ती उपासनेत आणली. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. मला त्यांच्या पदांत नेहमी एक गोष्ट जाणवते. देवाशी बोलताना ते भांडतात, हट्ट धरतात, रुसतात, आणि मग कृतज्ञ होतात. अभंगाच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला देवाशी भांडणे म्हणजे अविश्वास असे वाटतच नाही, कारण भांडण जवळच्याशीच होते. ही मोकळीक आम्ही आमच्या उपासनेतून कधी घालवली?

निवृत्त पाळक

शेवंतीबाई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चाळीस वर्षे पाळकपण केल्यावर मला वाटते, की त्या रविवारी उपासनेत सर्वांत खरे वाक्य तुम्ही बोललात. असे का वाटते ते सविस्तर लिहितो. थोडे लांबेल.

जुन्या करारात आभारासाठी जो मुख्य हिब्रू शब्द येतो तो 'तोदा'. लेवीय ७ मध्ये उपकारस्तुतीच्या यज्ञाला हेच नाव आहे. यहोशवा ७ मध्ये आखान चोरी करून ती तंबूत पुरून ठेवतो आणि पकडला जातो, तेव्हा यहोशवा त्याला म्हणतो, की देवाला 'तोदा' दे आणि काय केलेस ते मला सांग, लपवू नकोस. तिथे आपल्या मराठी भाषांतरात अपराध कबूल करण्याचा अर्थ घेतलेला आहे आणि तो बरोबर आहे. म्हणजे आभार मानणे आणि जे आहे ते न लपवता देवासमोर उघड करणे या दोन्हींसाठी त्या लोकांजवळ एकच शब्द होता. मी सेमिनरीत हे शिकलो तेव्हा ती केवळ शब्दकोशातली माहिती वाटली. पुढे लोकांच्या घरी आजारपणात, मरणात बसू लागल्यावर त्या शब्दाचे वजन कळले. ज्याने तंबूत काही पुरून ठेवले आहे त्याला आभार मानता येत नाहीत, मग ते पुरलेले चोरीचे सोने असो की देवावरचा राग. तुम्ही तुमचे उकरून वर काढलेत. ती उपकारस्तुतीची अर्धी वाट आहे आणि पुष्कळ जण तेवढीही चालत नाहीत.

आता याची उलट बाजू. लूक १८ मधल्या येशूच्या दाखल्यात परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, आणि जकातदार, म्हणजे लोकांनी पापी मानलेला करवसुलीवाला, मंदिरात जातात. परूश्याची प्रार्थना सुरू कशी होते ते नीट पाहा. "हे देवा, मी तुझे आभार मानतो" अशी ती सुरू होते. संपूर्ण दाखल्यात आभार मानणारा तो एकटाच आहे. जकातदार आभाराचा शब्दही काढत नाही, दूर उभा राहून ऊर बडवतो आणि दया मागतो. येशू सांगतो, की नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा. साक्षीच्या वेळी लोकांना उभे करण्यापूर्वी हा दाखला प्रत्येक मंडळीने वाचावा, असे मला मनापासून वाटते. शेजाऱ्याचे घर जळाले आणि माझे वाचले म्हणून देवाचे उपकार, अशा साक्षी मी किती ऐकल्या असतील! मीही त्यांना आमेन म्हटले आहे, याची मला आज खंत आहे.

कोरी पाटी

पाळकसाहेबांविषयी आदर ठेवून माझा मतभेद नोंदवतो. हा विचार असाच पुढे नेला तर ज्याला जेव्हा वाटेल तेव्हाच तो देवाचे उपकार मानेल. मन हे बेभरवशाचे असते. १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ मध्ये 'सर्व स्थितीत' म्हटले आहे आणि इफिसकरांस ५:२० मध्ये तर 'सर्व गोष्टींबद्दल' असे आहे. ही वचने बाजूला कशी सारणार?

माझी आजी नगर जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात असे. रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारी मिळे. त्याच्या भाकरीला चव नव्हती आणि ती नीट थापलीही जात नसे. त्या भाकरीवर हात ठेवून आजी प्रार्थना केल्याशिवाय कोणालाही घास घेऊ देत नसे. तिच्या मनात दर वेळी कृतज्ञता दाटून येत असेल असे मला वाटत नाही. फोड आलेले हात होते आणि सहा पोरे होती. पण ती शिस्त तिने मोडली नाही, आणि आज आम्हा नातवंडांजवळ जो काही विश्वास आहे तो त्या शिस्तीतून आलेला आहे. भावना नसताना केलेले ते आभार खोटे होते असे कोणी म्हटले, तर मला ते सहन होणार नाही.

निवृत्त पाळक

कोरी पाटी, तुमच्या आजीची प्रार्थना खोटी होती असे मी कधीच म्हणणार नाही. ती या धाग्यातल्या सर्वांना शिकवू शकली असती. इफिसकरांच्या वचनाची धारही मी बोथट करणार नाही. ते वचन माझ्यापुढे आजही तसेच उभे आहे.

पण एक फरक ध्यानात घ्यावा. आजीने प्रार्थना कोणाला दाखवण्यासाठी केली नाही आणि दुष्काळ चांगला आहे असेही देवाला सांगितले नाही. समोरची भाकर, जशी होती तशी, त्याच्या हातून आलेली मानली. भावना नसणे आणि कपट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थकलेल्या मनाने म्हटलेले आभार हे शेतकऱ्याने पावसाची चिन्हे नसताना नांगरट करण्यासारखे आहेत, त्यात फसवणूक नाही. जे नाही ते आहे असे मंडळीला भासवले जाते तेव्हा कपट सुरू होते. प्रेषितांची कृत्ये ५ मध्ये हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याने मंडळीला दिलेल्या जमिनीच्या पैशांतला काही भाग ठेवून घेतला, हा त्यांचा दोष नव्हता. पेत्र त्यांना स्पष्ट सांगतो, की पैसे तुमच्याच स्वाधीन होते. भाग देऊन सगळे दिल्याचा देखावा केला, हा दोष होता.

म्हणून दुःखितासाठी पहिला उपाय आज्ञा नव्हे. योहान ११ मध्ये मरण पावलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेजवळ येशू बापाचे आभार मानतो, हे आपल्याला आठवते. ते एकेचाळिसावे वचन आहे. त्याआधी पस्तिसाव्या वचनात तो रडला आहे. लाजराच्या बहिणी मरीया आणि मार्था यांना त्याने रडणे थांबवून आभार मानायला सांगितले नाही.

वसईचा वारा

पाळकसाहेबांच्या या मुद्द्याला जोडून थोडेसे. ज्या रात्री येशूला धरून देण्यात आले त्याच रात्री त्याने भाकर घेतली आणि आभार मानले. काही तासांनी तोच क्रुसावरून "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असे बाविसाव्या स्तोत्राच्या शब्दांत ओरडला. आपण दर मिस्सामध्ये पहिली गोष्ट आठवतो आणि ती दुसरीपासून तोडून आठवतो. त्या आभारांमागे काय होते ते मग दिसेनासे होते.

गावठाण

मी मुंबईच्या एका ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठीभाषक कॅथलिकांच्या, गावठाणातला. आमच्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर त्या आशीर्वादित करतात आणि घरोघरी वाटतात. गोव्यातही कणसांचे फेस्त असते, रायात ५ ऑगस्टला आणि ताळगावात २१ ऑगस्टला.

माझ्या आजोबांच्या वेळी या लोंब्या आमच्याच शेतातल्या होत्या. आज त्या जागेवर इमारती आहेत आणि लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. काही वर्षे मला हे सगळे नाटक वाटत होते. ज्याने पेरले नाही, कापले नाही, त्याने कशाचे आभार मानायचे? मग एका वर्षी मी लोंब्या आणायला स्वतः गेलो. ज्या शेतकऱ्याने त्या दिल्या त्याने पैसे घेतले नाहीत, देवाच्या कामाला आहेत म्हणाला, आणि तो ख्रिस्ती नव्हता. त्या रविवारी मिरवणुकीत मी लोंबी धरून चाललो तेव्हा आभार मानायला एक चेहरा होता. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या श्रमावर आपण जेवतो त्यांचा उल्लेख आपल्या उपकारस्तुतीत कधी येतो का, हे मी तेव्हापासून तपासत असतो. शेवंतीताईंच्या प्रश्नाला हे थेट उत्तर नाही, पण माझी कोंडी तिथे फुटली.

केडगावची वाट

इथे शांत, ठरलेल्या उपासनेची बरीच बाजू मांडली गेली. मोठ्या आवाजात, रडत, हात उंचावून उपासना करणाऱ्या आमच्यासारख्यांविषयी अनेकांच्या मनात आधीच ग्रह असतो, की हे वरवरचे आहे. म्हणून केडगावच्या मुक्ती मिशनची, पंडिता रमाबाईंच्या निराधार स्त्रिया-मुलींच्या आश्रमाची, आठवण देते. १९०५ मध्ये तिथे जे आध्यात्मिक जागरण झाले त्यात मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करीत, हुंदके देत. त्या मुली कोण होत्या? त्यांतल्या कितीतरी १८९६-९७ च्या दुष्काळातून पंडिता रमाबाईंनी आणलेल्या होत्या. भुकेने आईबाप गेलेल्या, टाकून दिलेल्या. रमाबाईंचे स्वतःचे आईवडीलही १८७४ मध्ये उपासमारीनेच गेले होते. अशा मुलींच्या रडण्यात शोक कोठे संपत होता आणि कृतज्ञता कोठे सुरू होत होती हे वेगळे काढता येईल का? त्यांना आवाज मिळाला होता आणि त्या तो वापरत होत्या.

खरेपणा आवाजाच्या पट्टीवरून ओळखू नये, एवढीच विनंती. आणि कोरसमधला दादा, तुम्ही जे लिहिलेत ते वाचून सांगावेसे वाटते, की एखाद्या रविवारी वाद्ये थांबवून लोकांना नुसते गाऊ द्या. तुमचेही ओझे हलके होईल.

जुनी वही

दानार्पणाविषयी कोणी बोलले नाही, म्हणून थोडक्यात. इसवी सन १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात प्रमुख जण आपल्या शक्तीप्रमाणे प्रार्थना आणि उपकारस्तुती करतो, लोक आमेन म्हणतात, भाकर वाटली जाते, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे ती सेवकांच्या हाती पाठवली जाते. मग ज्यांना ऐपत आणि इच्छा आहे ते देतात, आणि ते दान अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांच्यासाठी खर्च होते. आमच्याकडे आता रकमेसह नावे वाचली जातात. मंदिरात दान टाकणाऱ्या त्या गरीब विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, येशूने पाहिल्या, पण तिचे नाव शुभवर्तमानात नाही.

जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे भाकर पाठवली जाई, या वाक्याशी मी नेहमी थांबते. शेवंतीताई, तुमची आई सव्वा वर्ष अंथरुणाला होती तेव्हा मंडळीतून कोणी येत होते का?

शेवंती (धागाकर्ती)

सर्वांचे प्रतिसाद वाचले. काही दोनदा वाचले.

जुनी वही, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ बसून राहिले. मंडळीतून पहिले दोन महिने लोक आले, मग येणे कमी झाले. त्यांचा मला राग होता आणि तो मी देवाच्या खात्यावर टाकला होता, हे मला इथेच लक्षात आले. पाळकसाहेबांनी लिहिलेल्या तंबूत माझे हेच पुरलेले होते. एक बाई मात्र शेवटपर्यंत आल्या. त्या आमच्या मंडळीच्या नाहीत. वरच्या मजल्यावर राहतात आणि वारकरी घरातल्या आहेत. रोज संध्याकाळी येऊन आईचे पाय चोळून देत आणि हळू आवाजात हरिपाठ म्हणत. आईला मी ओळखू येत नव्हते तेव्हाही त्यांचा हात लागला की ती शांत होई. त्यांचे आभार मी अजून मानलेले नाहीत. अंत्यविधीच्या धावपळीत राहिले, आणि नंतर तोंड कसे दाखवावे असे वाटत राहिले.

आज संध्याकाळी वर जाऊन आले. आईचे एक हिरवे काठाचे पातळ त्यांना दिले. मला दोन वाक्ये बोलता आली.

कोरी पाटी, तुमच्या आजीसारखी शिस्त माझ्या आईचीही होती. ती शिस्त मला सोडायची नाही. पण उपकारस्तुतीच्या गीताला सध्या मी वसईच्या दादांनी सांगितले तशी इतरांच्या मध्ये उभी राहीन आणि त्यांना माझ्या वतीने गाऊ देईन.

एक विचारायचे आहे. आईच्या वर्षश्राद्धाच्या जागी आम्ही स्मरणाची उपासना ठेवणार आहोत. त्यात सांत्वनाची नेहमीची वचने न घेता दुःखाचे एखादे स्तोत्र संपूर्ण वाचायचे असेल, तर कोणते घ्यावे?

निवृत्त पाळक

अठ्ठ्याऐंशीवे घ्या. विलापाची बहुतेक स्तोत्रे शेवटाकडे स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. हिब्रूत त्याचा अखेरचा शब्द 'अंधार' हा आहे. वाचून झाल्यावर लगेच गीत सुरू करू नका आणि कोणाला बोलायला उभे करू नका. दोन मिनिटे शांत बसा. त्यानंतर प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी, असेल तर भाकर घेऊन आभार मानले जातीलच. ते तुमच्या पाळकांनी मानावेत, तुम्ही नुसता हात पुढे करा.

वरच्या मजल्यावरच्या बाईंनाही त्या दिवशी बोलवा.

शेवंती (धागाकर्ती)

त्यांना आजच सांगून आले आहे. स्तोत्र माझा भाऊ वाचेल, त्याचा आवाज आईसारखा आहे.